रेणूपुढचं प्रश्नचिन्ह

सरोजताई,

आज चार वाजता शाळेच्या सभागृहात तुमची शोकसभा आहे आणि तुमच्याबद्दल मी बोलायचं असं ठरलंय. आत्ता दोन वाजायला आलेत. मी प्रयोगशाळेत एकटीच बसले आहे आणि गॅसचा नळ बंद आहे ना, हे तीनदा उठून पाहून झालंय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मॅडम, कायले इतलं टेन्शन घेऊन राहिल्या? मी पाह्यला ना नळ." तुम्ही पाहिलाय म्हटलं की मला बसवत असे. इतक्या वर्षांत मी दुसऱ्यावर निर्धास्तपणे सोडलेली ती एकच गोष्ट.

आणि एक गोष्ट मी तुमच्या अंगावर ढकलली. भाषण लिहून तयार आहे. त्यात तुमचा मनमिळाऊ स्वभाव आहे, वेळेवर येणं आहे, काचसामान जपणं आहे. सगळं खरं आहे. एवढं वाचून खाली बसले तर कुणी मला काही विचारणार नाही. ज्यांना विचारता आलं असतं त्या तुम्ही आता या जगात नाही, आणि जो कागद बोलला असता तो माझ्याच पर्समध्ये आहे.

मध्य प्रदेशातल्या मुलताईच्या पलीकडच्या गावातून लग्न होऊन तुम्ही अमरावतीला आलात आणि आमच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलात, तेव्हा मलाही नोकरी लागून वर्षच झालं होतं. तुमचं बारावीपर्यंतचं सगळं विज्ञान हिंदीतलं. पहिल्याच महिन्यात तुम्ही गोळ्या-काड्यांच्या प्रतिकृतींच्या खोक्यावर सुंदर अक्षरात 'अणू' लिहिलंत. आत होते रेणू. मी हसले. तुम्ही गोंधळून म्हणालात, "ये अणु नहीं है क्या? हमारे यहाँ तो अणु ही बोलते." मग मी तुम्हाला सांगितलं की हिंदीतला परमाणु म्हणजे आमचा अणू, आणि हिंदीतला अणु म्हणजे आमचा रेणू. एकच शब्द, सातपुडा ओलांडला की दुसऱ्याच वस्तूचं नाव. दुसऱ्या दिवशी तुम्ही रसायनांच्या कपाटाच्या दाराला आतून एक चिठ्ठी चिकटवलीत. त्यावर या दोन ओळी होत्या. ती अजून तिथेच आहे, कडा पिवळ्या पडल्यात. त्यानंतर या दोन शब्दांत तुमची चूक झालेली मी कधीच पाहिली नाही.

आपलं भांडण मात्र त्या शब्दांवरून नव्हतंच. ते होतं अणू आहे कशावरून, यावर. मी वर्गात शिकवायची आणि तुम्ही मागे बाकावर परीक्षानळ्या पुसत ऐकायचात. तास संपला, मुली गेल्या, की तुमचा प्रश्न यायचा. "मॅडम, कोनी पाह्यला काय तो? नाही ना? मंग पुस्तकात फोटू कायचा छापला?" मी चिडायची. शिकवणाऱ्याला असा प्रश्न आवडत नाही, कारण आपणही कुणाच्या तरी भरवशावरच बोलत असतो, हे त्यात उघडं पडतं.

मग एकदा मी दुधाचा थेंब भरपूर पाण्यात कालवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तुम्ही डोळा लावलात आणि बराच वेळ हललाच नाहीत. स्निग्धाचे बारीक गोळे जागच्या जागी थरथरत होते. कुणी ढकलत नव्हतं, पाणी वाहत नव्हतं, पंखा बंद होता. मी सांगितलं की पाण्याचे रेणू चहूबाजूंनी त्यांना धक्के देताहेत; धक्के देणारे दिसत नाहीत, धक्के खाणारे दिसतात. या थरथरीचंच गणित मांडून शास्त्रज्ञांनी रेणू किती लहान असतील ते काढलं. पुढे सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर त्याहून सूक्ष्म कण मारले. बहुतेक आरपार गेले, एखादा उलट फिरून आला, त्यावरून अणूच्या पोटात काय असेल ते ओळखलं. आता तर इतकी नाजूक सुई असते की एकेका अणूवरून फिरवत त्याचा उंचवटा चाचपता येतो. पण 'आहे' असं म्हणायची हिंमत त्याच्या कितीतरी आधीच झाली होती. तुम्ही डोळा न काढताच म्हणालात, "म्हंजे कोठीत उंदीर दिसत नाही, पन पोतं कुरतडलेलं दिसते." मी ते वाक्य पुढे प्रत्येक वर्गात वापरलं. तुमचं आहे असं एकदाही सांगितलं नाही.

आणि मग ते तेलाचं. आठवीच्या दोन मुली जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी काहीतरी करायचं म्हणत होत्या. मी पुस्तकात वाचलेला प्रयोग सुचवला आणि सामान तुम्ही जमवलंत. घरची कणीक मळायची सर्वांत मोठी परात आणलीत. विजेच्या वायरीतला एक तंतू सोडवून त्याला वाकडं टोक केलंत. नांदगावहून तुमच्या नणंदेने पाठवलेल्या जवसाच्या तेलात ते टोक बुडवून अर्ध्या मिलिमीटरचा थेंब अडकवायला तुम्हीच शिकलात. माझा हात कापायचा. परातीत पाणी, पाण्यावर ओढणीतून चाळलेली टाल्कम पावडर. थेंब टेकला की पावडर सरसर मागे हटायची आणि मधे स्वच्छ गोल उघडा पडायचा. बावीस सेंटिमीटर. मग आणखी पसरायचा नाही. थेंबात तेल किती ते माहीत, पसरलं किती ते माहीत, मग थराची जाडी काढता येते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले जेमतेम दोन. स्वयंपाकाच्या परातीत आपण एका रेणूची उंची मोजली होती. मुली नाचल्या. मीसुद्धा जरा नाचले.

तुम्ही नाचला नाहीत. तुम्ही परातीकडे बघत म्हणालात, "पन एकच थर कशावरून? दहा थर असतीन तं?"

मी म्हटलं, "आणखी पसरत नाही ना, म्हणून."

"थांबलं म्हंजे एकच, असं थोडी हाये. धाच्या धा थर धरून बी थांबत असन."

घंटा झाली. तो वाद तसाच राहिला.

प्रदर्शनासाठी तक्ता तुम्ही लिहायचा, कारण शाळेत तुमच्यासारखं अक्षर कुणाचंच नव्हतं. मजकूर मी एका चिठ्ठीवर घाईघाईने खरडून दिला. दुसऱ्या दिवशी निघायच्या गडबडीत तुम्ही ती चिठ्ठी हातात घेऊन माझ्यापाशी आलात. "मॅडम, एक इचारू काय?" मी गाडीवाल्याला फोन लावत होते, परात नीट बांधली की नाही याची मला धास्ती होती. मी म्हटलं, "आता नको, सरोजताई. लिहिलंय तसं लिहा."

तुम्ही लिहिलंय तसं लिहिलंत. 'तेलाच्या थरावरून अणूची जाडी मोजणे.'

परीक्षक वयस्कर होते, शांत होते. मुलींचं सगळं ऐकून घेतलं, परातीवर वाकून पाहिलं, खूश दिसले. मग चष्मा वर करून तक्ता वाचला आणि माझ्याकडे वळले. "मॅडम, हा अणू नाही ना. हा रेणू. प्रयोगाचं नावच चुकलं तर कसं?"

त्या क्षणी मला ती चिठ्ठी लख्ख आठवली. माझं अक्षर, माझी घाई. मुली माझ्याकडे बघत होत्या, मोठ्या बाई, आमच्या मुख्याध्यापिका, शेजारीच उभ्या होत्या. आणि मी म्हणाले, "तक्ता आमच्या लॅब असिस्टंटनी लिहिलाय. त्या हिंदी माध्यमाच्या आहेत."

यातला शब्द न् शब्द खरा होता. तक्ता तुम्हीच लिहिला होता. तुम्ही हिंदी माध्यमाच्याच होतात. परीक्षक हसून म्हणाले, "मग त्यांच्या हिशेबानं बरोबरच आहे," आणि पुढच्या टेबलाकडे गेले. तुम्ही परातीतली पावडर ओल्या फडक्याने टिपत होतात. तुमचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. तुम्ही मान वर केली नाहीत.

मुलींचा नंबर आला नाही. मोठ्या बाईंनी पुढच्या आठवड्यात तुम्हाला कार्यालयात बसवलं, दाखले आणि टपाल बघायला. "भाषेचा घोळ नको," म्हणाल्या. मी तिथेच उभी होते. तोंडातून एक शब्द काढला असता तर तुम्ही प्रयोगशाळेत राहिला असतात. मी मनात म्हणत होते, आज नको, उद्या एकांतात सांगू. तो उद्या तुम्ही निवृत्त होईपर्यंत चालला. मधल्या सुट्टीत तुम्ही प्रयोगशाळेच्या खिडकीशी येऊन उभ्या राहायचात, आत न येता. "परातीले झाकन ठेवा मॅडम, धूळ बसते," एवढंच सांगून जायचात. त्या खिडकीकडे मला अजून सरळ बघवत नाही.

मला लाज होती, पण त्याहून जास्त भीती होती, हे तुम्हाला आता सांगते. ती चिठ्ठी गेली कुठे? मी टेबलाचे खण उपसले, कचऱ्याची टोपली पालथी केली, प्रदर्शनाच्या खोक्यांत तळापर्यंत शोधलं. मिळाली नाही. म्हणजे ती तुमच्याकडे होती. का ठेवली असेल? कधी काढाल? मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये तुम्ही टपाल घेऊन गेलात तरी मी व्हरांड्यात घुटमळत राहायची. तुम्हाला माहीत आहे का, आणि माहीत असून गप्प आहात का, हे मी तुमच्या बोलण्यावरून, चहाचा कप पुढे करण्यावरून ताडत राहायची. काही कळायचं नाही. तुम्ही कप नेहमीसारखाच पुढे करायचात, साखर कमी, कारण मला तशी लागते.

निवृत्तीनंतर तुम्ही मुलीकडे, वर्षाकडे, अकोल्याला राहायला गेलात. जवसाची चटणी मात्र कुणाच्या तरी हातून येत राहिली. फोन करायचात तेव्हा हालहवाल झाली की थोडं थांबून म्हणायचात, "मॅडम, एक सांगायचं होतं तुमाले." आली ती चिठ्ठी, असं वाटायचं. मी म्हणायची, "सरोजताई, तास आहे, नंतर बोलू." रविवारीसुद्धा एकदा म्हणाले, तास आहे. तुम्ही म्हणालात, "बरं बरं. मंग सांगीन." अकोला काय लांब आहे? बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं की आलंच. मी आले नाही.

आले ती तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी. छातीत दुखतंय म्हणालात आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलंच, असं वर्षाने सांगितलं. ती रडून रडून कोरडी झाली होती. निघताना तिने तुमच्या पोथीत घडी करून ठेवलेला एक कागद माझ्या हातात दिला. "मॅडम, हे तुमचं अक्षर हाये ना? आई लय जपून ठेवे. मले वाटलं, तुमची आठवण म्हनून ठेवलं असन. तुमीच ठेवा आता."

मी तो तिच्यासमोर उघडलाही नाही. बसमध्ये उघडला. तीच चिठ्ठी. 'तेलाच्या थरावरून अणूची जाडी मोजणे.' आणि 'अणूची'खाली पेन्सिलीची बारीक रेघ, पुढे तुमच्या सुंदर अक्षरात: 'रेणू?'

म्हणजे त्या दिवशी तुम्हाला हेच विचारायचं होतं. ज्या बाईला सगळ्यांनी भाषेच्या घोळासाठी प्रयोगशाळेतून उठवलं, फक्त तिलाच घोळ दिसला होता. आणि तिला मी म्हणाले होते, लिहिलंय तसं लिहा.

मूर्तिजापूरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा मी कागद उलटला. मागे तुमची आकडेमोड होती, वेगवेगळ्या शाईतली, म्हणजे वेगवेगळ्या दिवसांची. मोजायचात तुम्ही अजून हिंदीतच. अलसी, म्हणजे आपलं जवस, २२. तिल २१. करडी २३. त्याखाली 'दो बूंद – ३१', पुढे 'दुगुना नहीं?' आणि ते खोडलेलं. मग त्रिज्या धरून ११ गुणिले ११, १२१. साडेपंधरा गुणिले साडेपंधरा, २४०. त्याला गोल करून 'दुगुना'. तुम्ही अकोल्याच्या स्वयंपाकघरात परात मांडून एकाच्या जागी दोन थेंब सोडले होते. व्यास दुप्पट होईना म्हणून अडलात, मग क्षेत्रफळ काढायचं लक्षात आलं. तेल दुप्पट, पसारा दुप्पट, म्हणजे जाडी तीच. थेंब कितीही टाका, थर तेवढाच राहतो. त्याहून जाड होत नाही, त्याहून पातळही होत नाही. तेल बदललं तरी जवळपास तेवढाच. थरांवर थर बसत असते, तर कधी आठ, कधी बारा झाले असते. कुरतडलेल्या पोत्याचा पुरावा तुम्ही एकटीने गोळा केलात. एकच थर कशावरून, या तुमच्याच प्रश्नाचं इतकं चांगलं उत्तर मला जमलं नव्हतं.

सगळ्यात खाली, मराठीत, दोन शब्द. 'मॅडमले सांगणे.'

तुम्हाला एवढंच सांगायचं होतं, सरोजताई. दर फोनला. आणि मी दर फोनला तास आहे म्हणाले. बसमध्ये शेजारच्या आजीबाईंनी मला पाण्याची बाटली दिली.

तरीही मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. घरी आल्यावर पहिला विचार मनात आला तो हा, की आता कुणालाच कळणार नाही. वर्षाला ती चिठ्ठी म्हणजे आठवण वाटते, तर वाटू दे. मोठ्या बाई निवृत्त झाल्या. सभेत चांगलं बोलू, तुमचं काय जाणार. दोन दिवस मी हेच घोळवत होते. भीती माणूस गेल्यावर जात नाही, ती फक्त जागा बदलते, हे मला या दोन दिवसांत कळलं.

मघाशी, हे लिहिता लिहिता, वर्षा आली. लवकरच पोचली, म्हणाली आईची लॅब पाहायची आहे. तिने कपाटं पाहिली, दाराआतली तुमची चिठ्ठी वाचली, खिडकीपाशी उभी राहिली. मग म्हणाली, "आईले इथून काहून काढलं होतं मॅडम? ते कधीच नाही सांगे."

मी पर्समधून कागद काढला. मी म्हणाले, "वर्षा, ही आठवण नाही. ही माझी चूक आहे." आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी, गडबड, परीक्षक, मी बोललेलं ते वाक्य. ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला आणि मला कुठे बघावं कळेना.

"मंग तुमी तवा काहून नाही बोलल्या?"

हा प्रश्न तुम्ही मला कधी विचारला नाहीत. मी मनात त्याची शंभर उत्तरं तयार ठेवली होती.

"भ्याले," मी म्हणाले.

मी म्हटलं, चार वाजता सगळ्यांसमोर सांगणार आहे. तिने मान हलवली. ती हो म्हणून की नुसतीच, ते मला समजलं नाही. मग ती हळूच म्हणाली, "आई लय वाट पाहे, तुमी येसान म्हनून," आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली. अजून तिथेच आहे. मी चहा पाठवलाय, प्यायली की नाही माहीत नाही.

तुम्ही मला माफ केलं होतं का? 'मॅडमले सांगणे' या दोन शब्दांवरून मला हो वाटतं. पण वाटतं एवढंच. दुसरा थेंब टाकून त्याची खात्री करून घेता येणार नाही, आणि हे असंच अर्धवट ठेवून मला जगावं लागेल.

कपाटावरून तो तक्ता काढलाय. शाई जराही फिकी झालेली नाही. तुमचा दोन थेंबांचा प्रयोग सगळ्यांसमोर करायला आताच्या आठवीच्या मुलींनी तुमची परात पाण्याने भरून सभागृहात नेली; भाषणाचा कागद मी फाडून टाकला. पेन घेऊन तुमच्या त्या सुरेख 'अणूची'वर एक आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'रेणूची'. खाली लिहिलं, 'ही चूक माझी, सरोजताईंची नव्हे,' आणि माझं नाव. अक्षर वेडंवाकडं आलं, पण शाळेत कुणालाही ओळखू येईल. प्रश्नचिन्ह टाकलं नाही.